पासवर्ड बदलूनही वेबसाइटची सेटिंग्ज आपोआप बदलतात? प्लगिनमधली सीएसआरएफची फट शोधण्याचा क्रम

दादर, परळ, गिरगाव या पट्ट्यातल्या छोट्या संस्थांच्या वेबसाइट मी सांभाळतो. वाचनालयं, गणेशोत्सव मंडळं, क्लासेस, एखादं मंगल कार्यालय. जवळपास सगळ्या वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर आहेत आणि प्रत्येकीत दहा-पंधरा प्लगिन, म्हणजे जादा सोयी देणारे जोड, असतात. या साइटमध्ये एक बिघाड मी पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे: सीएसआरएफ, म्हणजे परक्या पानाने तुमच्या चालू लॉगिनचा वापर करून तुमच्या नावाने बदल करणं. फोनवर वाक्य ठरलेलं असतं: "आम्ही कशालाही हात लावला नाही, आपोआप बदललं." लोक खरंच बोलत असतात. तरीही नोंदी काढून पाहिल्या की बदल त्यांच्याच लॉगिनमधून, त्यांच्याच ऑफिसच्या इंटरनेटवरून झालेला दिसतो. मग ऑफिसात एकमेकांवर संशय सुरू होतो, एखाद्या कारकुनाला बोल लागतो आणि मूळ कारण तसंच राहतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

लक्षणं

खालीलपैकी एक-दोन गोष्टी जुळत असतील तर पुढे वाचा.

- एखाद्या प्लगिनच्या सेटिंगमधली माहिती बदललेली आहे आणि ती कोणी बदलली ते कोणालाच माहीत नाही. वर्गणीच्या पानावरचा यूपीआय आयडी, फॉर्मची उत्तरं ज्या ईमेलवर जातात तो पत्ता, मेल पाठवणाऱ्या प्लगिनमधलं सर्व्हरचं नाव, ही नेहमीची ठिकाणं.
- 'सेटिंग्ज'मधल्या 'जनरल' पानावर 'कोणीही नोंदणी करू शकतो' या चौकटीत टिक आलेली आहे आणि नव्या सदस्याची भूमिका 'सबस्क्रायबर'ऐवजी 'ॲडमिनिस्ट्रेटर' झालेली आहे. ही जोडी दिसली तर ती अपघाताने झालेली नाही, असं धरून चला.
- साइट कॉम्प्युटरवर नीट दिसते, पण मोबाइलवर गुगलमधून आलेला माणूस जुगाराच्या किंवा औषधांच्या पानावर जातो.
- पासवर्ड बदलला, दोन टप्प्यांचं लॉगिन लावलं, तरी काही दिवसांनी तोच बदल परत झाला.
- सुरक्षा प्लगिनकडून किंवा होस्टिंगकडून मेल आला आहे की अमुक प्लगिनच्या अमुक आवृत्तीत 'क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी', म्हणजेच सीएसआरएफ, आहे.

आणखी एक लक्षण आहे, ते उलट्या बाजूचं. सेव्ह दाबलं की 'तुम्ही उघडलेल्या लिंकची मुदत संपली आहे' असं पान येतं. त्यावर खाली वेगळं लिहिलं आहे. त्या पानाला वैतागून लोक जो उपाय करतात, त्यातूनच कित्येकदा ही फट तयार होते.

मुळात घडतं काय

तुम्ही साइटच्या डॅशबोर्डमध्ये, म्हणजे साइट चालवण्याच्या पानांत, लॉगिन केलं की ब्राउझरकडे एक कुकी, म्हणजे ओळख पटवणारी छोटी नोंद, येते. त्यानंतर त्या साइटकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीला ब्राउझर ती कुकी जोडतो. ती विनंती तुमच्या डॅशबोर्डमधून निघाली की दुसऱ्याच टॅबमध्ये उघडलेल्या परक्या पानातून निघाली, याचा विचार त्यात मूळात नव्हता. सोसायटीच्या गेटवर गाडीच्या काचेचा स्टिकर पाहून वॉचमन दांडा वर करतो, आत कोण बसलंय ते पाहत नाही, तसंच हे.

हल्ला करणारा एक पान बनवतो. त्यात तुमच्या प्लगिनच्या सेटिंगचा फॉर्म लपवलेला असतो, त्याला हवी ती माहिती आधीच भरलेली असते आणि पान उघडताच फॉर्म स्वतःहून सबमिट होतो. त्याला फक्त तुम्ही ती लिंक उघडायला हवी. "तुमच्या मंडळाचा फोटो इथे छापून आलाय, बघा" असा एक मेसेज पुरतो. सकाळी कार्यालयात येऊन डॅशबोर्ड उघडा ठेवणारा आणि त्याच ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप वेब चालवणारा माणूस ती लिंक उघडतोच. त्याचा पासवर्ड कोणाला कळलेला नसतो, तरी काम त्याच्या नावाने होतं.

यावरून कशाचा उपयोग होत नाही तेही कळतं. पासवर्ड अवघड केला, लॉगिनला ओटीपी लावला, लॉगिनचं पान लपवलं, कॅप्चा बसवला, साइट एचटीटीपीएसवर नेली, या सगळ्या गोष्टी चांगल्या आहेत आणि कराव्यातच. पण त्या सगळ्या दारापाशी थांबतात. इथे दार तुम्हीच रीतसर उघडून आत बसलेले असता.

खरा उपाय प्रत्येक बदलाच्या जागी असतो. वर्डप्रेस त्यासाठी 'नॉन्स' नावाची खूण देतं. फॉर्म तयार होताना त्यात अक्षर-अंकांची एक गुप्त किंमत घातली जाते. ती त्या सदस्याशी, त्याच्या चालू लॉगिनशी आणि त्या ठरावीक कामाशी बांधलेली असते. सेव्ह करताना प्लगिनने ती तपासायची. परक्या पानाला ती वाचता येत नाही, म्हणून त्याचा बनावट फॉर्म अडकतो. वर्डप्रेसच्या स्वतःच्या पानांवर ही तपासणी असते. प्लगिनमध्ये ती लिहिणाऱ्याने आठवणीने घालावी लागते आणि एका प्लगिनमध्ये वीस बटणं असतील तर वीस ठिकाणी घालावी लागते. एकोणीस ठिकाणी घालून विसाव्या ठिकाणी राहिली, तर तेवढं पुरतं.

आता तपासण्या. क्रम मुद्दाम असा लावला आहे की पहिल्या काहींना पैसे लागत नाहीत आणि कोडही वाचावा लागत नाही. त्याआधी एकच काम करा. बदललेल्या सेटिंगचे स्क्रीनशॉट घ्या, वेळ लिहून ठेवा, फाइल आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घ्या. घाबरून आधी सगळं पूर्ववत केलं तर पुढे शोधायला काही उरत नाही.

पहिली तपासणी: लॉगिन तोडा, ब्राउझर वेगळा करा

'युजर्स'मध्ये आपल्या प्रोफाइलवर जाऊन 'इतर सर्व ठिकाणांहून लॉग आउट' हे बटण दाबा, मग स्वतःही लॉग आउट व्हा. प्रत्येक ॲडमिनने हे करायचं. वर्डप्रेसचं लॉगिन साधारण दोन दिवस टिकतं आणि 'मला लक्षात ठेवा' टिक केली असेल तर चौदा दिवस. तेवढा काळ फट उघडी असते, डॅशबोर्डचा टॅब बंद केला तरी. टॅब बंद करणं म्हणजे लॉग आउट नव्हे, हे मी प्रत्येक संस्थेत नव्याने सांगतो.

त्यानंतर साइटच्या कामासाठी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल करा किंवा सरळ दुसरा ब्राउझर ठेवा. त्यात मेल उघडायचा नाही, व्हॉट्सॲप वेब नाही, बातम्या नाहीत. एका प्रोफाइलची कुकी दुसऱ्या प्रोफाइलमधून जात नाही, त्यामुळे घातकी लिंक नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडली तरी ती विनंती लॉगिनशिवाय पोहोचते आणि वाया जाते. फुकट उपायांत याच्याइतका परिणामकारक दुसरा मला माहीत नाही. प्लगिन दुरुस्त होईपर्यंतचे दिवस यावर निघतात.

मंडळांमध्ये 'ॲडमिन' नावाचं एकच खातं अख्खी कार्यकारिणी वापरते. ते मोडा. ज्याला फक्त कार्यक्रमांच्या बातम्या टाकायच्या आहेत त्याला 'एडिटर' करा. बनावट विनंतीला तेवढेच अधिकार मिळतात जेवढे लिंक उघडणाऱ्याकडे असतात. गेल्या वर्षीच्या कार्यकारिणीतली खातीही याच वेळी काढून टाका.

दुसरी तपासणी: आवृत्त्या, आणि बंद झालेली प्लगिन

सगळी प्लगिन अद्ययावत करा, एवढं सगळेच सांगतात. पण एक गोष्ट डॅशबोर्ड सांगत नाही. एखादं प्लगिन वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातून बंद केलं गेलं असेल, तर तुमच्या साइटवर ते शांतपणे चालू राहतं. नवी आवृत्ती येत नाही, म्हणून 'अपडेट उपलब्ध' असं दिसत नाही आणि माणूस समजतो की सगळं ठीक आहे. त्यामुळे प्रत्येक प्लगिनचं संग्रहातलं पान एकदा स्वतः उघडून पाहा. 'हे प्लगिन बंद करण्यात आलं आहे' अशी पट्टी दिसली की पर्याय शोधायला लागा.

मग वर्डफेन्स, पॅचस्टॅक किंवा डब्ल्यूपीस्कॅन यांच्या प्लगिनमधल्या फटींच्या उघड याद्यांत प्लगिनचं नाव टाका. सीएसआरएफच्या नोंदींपुढे धोक्याचा आकडा बहुधा ४.३, म्हणजे 'मध्यम', असतो. तो पाहून सोडून देऊ नका. आकडा सर्वसाधारण असतो, तुमच्या साइटवर त्या सेटिंगमध्ये काय ठेवलं आहे ते त्याला माहीत नसतं. सूचना लपवण्याचं बटण कोणी परस्पर दाबलं तर काही बिघडत नाही. पण त्याच ४.३ च्या नोंदीत वर्गणीचा यूपीआय आयडी बदलता येत असेल, तर मंडळासाठी तेवढंच सर्वांत मोठं संकट आहे. नोंदीत 'कोणती कृती' करता येते ते वाक्य वाचा आणि त्यावर ठरवा.

वरच्या टोकाचं उदाहरणही लक्षात असू द्या. 'कोड स्निपेट्स' हे प्लगिन दोन लाखांहून जास्त साइटवर होतं. जानेवारी २०२० मध्ये त्याच्या 'आयात' करण्याच्या सोयीत ही तपासणी राहिल्याचं उघड झालं. ॲडमिनने नुसती लिंक उघडली की परक्याचा कोड साइटवर चालू शकत होता. २.१४.० या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. वर्डप्रेसच्या गाभ्यातही असं घडलं आहे. प्रतिक्रियेच्या फॉर्ममधली अशीच फट मार्च २०१९ मध्ये ५.१.१ या आवृत्तीने बुजवली. नावाजलेलं प्लगिन आहे म्हणून तपासायचं सोडू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

वापरात नसलेलं प्लगिन नुसतं निष्क्रिय करून ठेवू नका, काढून टाका. निष्क्रिय प्लगिनची बटणं चालत नाहीत हे खरं, पण त्याच्या फाइल सर्व्हरवर असतातच आणि पुढच्या वर्षी कोणीतरी ते जुनंच प्लगिन पुन्हा चालू करतं.

या याद्यांची एक मर्यादा आहे आणि आपल्याकडे ती जास्त जाणवते. मंडळाच्या वर्गणीचं प्लगिन बहुधा ओळखीतल्या एखाद्या मुलाने प्रेमाने, बिनपैशांत लिहून दिलेलं असतं. ते कोणत्याही यादीत नाही. कोणताही स्कॅनर त्याच्याबद्दल काही बोलणार नाही. तसं प्लगिन असेल तर पाचवी तपासणी चुकवू नका.

तिसरी तपासणी: 'लिंकची मुदत संपली' हे पान

हे पान आलं म्हणजे नॉन्सची तपासणी चालू आहे आणि ती अपयशी ठरली आहे. संरक्षण आपलं काम करत आहे. नॉन्स चोवीस तासांपर्यंत चालतो आणि तो बारा-बारा तासांच्या टप्प्यांनी मोजला जातो, म्हणून प्रत्यक्षात बारा तासांनंतर कधीही शिळा होऊ शकतो. काल संध्याकाळी उघडलेलं सेटिंगचं पान आज दुपारी सेव्ह केलं तर हे होऊ शकतं. पान पुन्हा उघडा, सेव्ह करा.

सारखं सारखं येत असेल तर दोष बहुधा कॅशचा असतो. कॅश प्लगिन किंवा सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणी साठवून देणारी सेवा) पानाची जुनी प्रत देत राहतं, त्या प्रतीत जुना नॉन्स असतो. फॉर्म पाठवला की ४०३ हा नकाराचा आकडा येतो, किंवा उत्तरात नुसतं उणे एक. अशा वेळी कॅशची मुदत दहा तासांपर्यंत खाली आणा, फॉर्म असलेली पानं कॅशमधून वगळा, आणि लॉगिन केलेल्या माणसाला कॅशमधलं पान कधीच मिळणार नाही हे पाहा.

माझा पोटतिडकीचा मुद्दा इथे आहे. गिऱ्हाईक तक्रार करतं की फॉर्म जात नाही, काम घेणाऱ्याला घाई असते, तो तपासणीची ओळच काढून टाकतो. फॉर्म लगेच चालायला लागतो, सगळे खूश होतात. कॅशचा दोष होता तिथेच राहतो आणि साइट उघडी पडते. तुमच्या साइटवर पूर्वी अशी तक्रार येऊन 'दुरुस्त' झाली असेल, तर नेमकी ती जागा आधी तपासा. मला फट सापडते तेव्हा बऱ्याचदा ती तिथेच असते.

चौथी तपासणी: सर्व्हरच्या नोंदी

होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये 'रॉ ॲक्सेस' नावाखाली नोंदींची फाइल मिळते. जुन्या नोंदी साठवण्याचा पर्याय बंद असेल तर तो आजच चालू करा, कारण घटना लक्षात येईपर्यंत त्या पुसल्या गेलेल्या असतात. स्क्रीनशॉटवर लिहिलेल्या वेळेच्या आसपासच्या ओळी काढा. सर्व्हरची वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असू शकते, ते धरून चला.

तीन शक्यता असतात आणि नोंदीत तिन्ही वेगळ्या दिसतात. पासवर्ड चोरीला गेला असेल तर आधी लॉगिनच्या पानावर अनोळखी आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून) विनंती दिसते, मग बदल. साइटमध्ये चोरदार ठेवलेलं असेल तर अपलोडच्या फोल्डरमधल्या एखाद्या विचित्र नावाच्या पीएचपी, म्हणजे कोडच्या, फाइलकडे विनंत्या जाताना दिसतात. सीएसआरएफ असेल तर आयपी तुमच्याच ऑफिसचा असतो, लगतच्या वेळेत लॉगिन झालेलं नसतं आणि 'रेफरर'च्या रकान्यात, म्हणजे विनंती कोणत्या पानावरून निघाली त्या जागी, तुमच्या डॅशबोर्डऐवजी परकं नाव असतं. तो रकाना रिकामाही असू शकतो, कारण हल्ला करणारा तो पाठवूच नको असं ब्राउझरला सांगू शकतो. ॲडमिनच्या पत्त्यावर गेलेली पोस्ट विनंती (फॉर्म पाठवताना जाते ती) आणि रेफरर रिकामा, एवढंही संशयाला पुरेसं आहे.

ही ओळ सापडली की ऑफिसातल्या माणसांना दाखवा. ज्याच्यावर बोट दाखवलं जात होतं, त्याच्यावरचा आरोप इथे मिटतो. वेबसाइट दुरुस्त होण्याइतकंच मला हे महत्त्वाचं वाटतं.

पाचवी तपासणी: स्वतः करून पाहा

हे फक्त आपल्या साइटवर, आणि शक्य तर साइटच्या चाचणी प्रतीवर करा. बहुतेक होस्टिंगमध्ये 'स्टेजिंग' प्रत एका बटणावर तयार होते.

संशय असलेल्या प्लगिनचं सेटिंगचं पान उघडा. राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' घ्या आणि फॉर्ममध्ये 'हिडन' प्रकारचं, नावात 'नॉन्स' असलेलं खानं शोधा. असं खानंच नसेल तर बहुधा उत्तर मिळालं. असेल तर त्याच्या किमतीतली दोन-चार अक्षरं बदला, एखादं निरुपद्रवी सेटिंग बदलून सेव्ह करा. मुदत संपल्याचं पान आलं तर चांगलं. सेटिंग सेव्ह झालं तर तपासणी होतच नाही, नॉन्स नुसता शोभेला आहे.

मग दुसरी पायरी, जी बहुतेक जण करत नाहीत. पान पुन्हा उघडा आणि ते खानं पूर्ण काढून टाकून सेव्ह करा. याचं कारण असं: कित्येक प्लगिनमध्ये अट अशी लिहिलेली असते की 'नॉन्स आला असेल आणि तो चुकीचा असेल तर थांब'. चुकीचा नॉन्स पकडला जातो, पण नॉन्स पाठवलाच नाही तर अट लागूच होत नाही आणि बदल होऊन जातो. पहिल्या पायरीत पास झालेली प्लगिन मी या दुसऱ्या पायरीत नापास होताना पाहिली आहेत.

पान न बदलता चालणाऱ्या बटणांसाठी 'नेटवर्क' टॅब उघडा, बटण दाबा, आलेल्या विनंतीवर 'कॉपी ॲज फेच' करा, त्यातून नॉन्स काढून 'कन्सोल'मध्ये चालवा. याद्यांमधल्या 'डिलीट', 'डुप्लिकेट', 'रीसेट' अशा लिंकवर कर्सर नेऊन खाली दिसणारा पत्ता वाचा. त्यात नॉन्स नसेल तर ती लिंक संशयास्पद आहे. अशा नुसत्या लिंकने होणाऱ्या कृती सर्वांत धोक्याच्या. क्रोमने फेब्रुवारी २०२० पासून, ८० व्या आवृत्तीत, दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या पोस्ट विनंत्यांना कुकी न जोडण्याचं धोरण आणायला सुरुवात केली. कुकीवर 'सेमसाइट'ची खूण (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीला कुकी जोडायची की नाही ते सांगणारी) नसेल तर ती 'लॅक्स' धरली जाते. त्यामुळे बरेच जुने हल्ले क्रोममध्ये अडतात. पण लिंकवर क्लिक करून उघडलेल्या पानाला 'लॅक्स' कुकी जातेच, शिवाय सगळे ब्राउझर हे धोरण आपोआप लावत नाहीत. मंडळाचा खजिनदार आयफोनवर सफारी वापरत असेल तर क्रोमच्या भरवशावर राहता येत नाही.

सहावी तपासणी: कोड

इथून पुढे पीएचपी वाचता येत असेल तरच. फंक्शनची नावं मी देवनागरीत लिहितो आहे. कोडमध्ये ती रोमन अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर घालून दिसतील. शोधताना एक लक्षात ठेवा, 'रेफरर' हा शब्द कोडमध्ये मधला एक 'आर' गाळून लिहिलेला असतो. नेहमीच्या स्पेलिंगने शोधलं तर काहीच सापडत नाही आणि तपासणी असून नाही असं वाटतं.

प्लगिनच्या फोल्डरमध्ये 'अपडेट ऑप्शन', 'डिलीट ऑप्शन' आणि डेटाबेसमध्ये लिहिणाऱ्या ओळी शोधा. प्रत्येक ओळीपासून मागे जात पाहा की तिथे पोहोचण्याआधी 'चेक ॲडमिन रेफरर', 'चेक एजॅक्स रेफरर' किंवा 'डब्ल्यूपी व्हेरिफाय नॉन्स' यांपैकी काही लागतं का. नेहमी सापडणाऱ्या चुका अशा.

'डब्ल्यूपी व्हेरिफाय नॉन्स' फक्त हो किंवा नाही सांगतं, स्वतः काही थांबवत नाही. पुष्कळ ठिकाणी ते बोलावलेलं असतं, पण उत्तर कोणी पाहतच नाही. 'चेक एजॅक्स रेफरर'ला तिसरी किंमत 'फॉल्स' दिली की त्याचंही तेच होतं.

नॉन्स म्हणजे परवानगी नव्हे. 'करंट युजर कॅन' ही अधिकाराची तपासणी वेगळी लागते. 'इज ॲडमिन' हे फंक्शन नावामुळे फसवतं. विनंती ॲडमिनच्या भागातल्या पत्त्यावर आली आहे का, एवढंच ते सांगतं. माणूस ॲडमिन आहे का, हे नाही. तसंच 'ॲडमिन इनिट' हा हुक लॉगिन नसलेल्या माणसाच्या एजॅक्स विनंतीवरही चालतो. सेव्ह करण्याचा कोड त्यावर टांगून 'इथे ॲडमिनच येणार' असं गृहीत धरलेलं असेल, तर ती सीएसआरएफहूनही मोठी फट आहे.

यादीतल्या 'एकदम निवडून डिलीट' या सोयीत वर्डप्रेसचा तयार यादी-क्लास नॉन्स छापून देतो, पण तो तपासण्याचं काम प्लगिनचं असतं. फॉर्ममध्ये नॉन्स दिसतो म्हणून सगळे निर्धास्त असतात.

रेस्ट एपीआयमध्ये कुकीने ओळख पटवायची तर नॉन्स लागतोच. तो नसला तर वर्डप्रेस त्या माणसाला पाहुणा समजतं. म्हणून 'परमिशन कॉलबॅक'मध्ये 'रिटर्न ट्रू' लिहून ठेवलेलं असेल, तर तिथे पाहुण्यालाही सगळं खुलं असतं.

दुरुस्ती स्वतः लिहिलेल्या प्लगिनमध्ये करायची असेल तर ती छोटी असते. फॉर्ममध्ये 'डब्ल्यूपी नॉन्स फील्ड', सेव्ह करण्याच्या जागी पहिल्याच ओळीत अधिकाराची तपासणी, मग 'चेक ॲडमिन रेफरर', दोन्हीकडे कृतीचं तेच नाव. साध्या सेटिंगसाठी वर्डप्रेसचं सेटिंग्ज एपीआय वापरलंत तर नॉन्सचं काम ते स्वतःच करतं. काही बदलणारी कृती नुसत्या लिंकवर ठेवू नका. दुसऱ्याच्या प्लगिनमध्ये मात्र हात घालू नका, पुढच्या अपडेटला तुमची ओळ पुसली जाईल. लेखकाला खासगीत कळवा, दुरुस्ती येईपर्यंत प्लगिन बंद ठेवा.

फायरवॉलबद्दल लोक हमखास विचारतात. ती असावी, पण यात तिच्यावर विसंबू नये. तिच्या दृष्टीने विनंती खऱ्या ॲडमिनची, खऱ्या कुकीची, खऱ्या आयपीची असते. एखाद्या ठरावीक प्लगिनसाठी लिहिलेला नियम मदत करतो, सरसकट नाही. सर्व्हरवरून कुकींना 'सेमसाइट'ची खूण लावता येते, तीही उपयोगी आहे. पण ती सगळ्या कुकींना डोळे झाकून लावू नका. पेमेंट गेटवे पैसे घेतल्यावर ग्राहकाला पोस्ट विनंतीने परत पाठवत असेल, तर कुकी पोहोचत नाही आणि पावतीच्या पानावर माणूस लॉग आउट झालेला दिसतो. ॲडमिनच्या कुकीपुरतीच लावा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

अनोळखी ॲडमिन खातं दिसलं, अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाइल सापडली, किंवा काढलेला कोड परत उगवला, तर पुढचं काम घरी करू नका. तिथे फटीतून कोणीतरी आत येऊन बसलेलं आहे. नुसतं प्लगिन अपडेट केल्याने ते बाहेर जात नाही आणि अर्धवट साफसफाईने पुरावा जातो. सदस्यांचे पत्ते, फोन, विद्यार्थ्यांची माहिती साइटवर असेल तर संशय आला तरी पुरे, थांबा. कोड वाचता येत नसताना यूट्यूब पाहून तपासणीच्या ओळी घालू नका. प्लगिन लिहिणारा आता संपर्कात नसेल, तर तेच प्लगिन ठिगळं लावून चालवण्यापेक्षा चालू देखभालीतलं दुसरं घेणं स्वस्त पडतं.

वर्गणीचे पैसे भलत्या खात्यात गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मग वेबसाइटकडे पाहा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता असते. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि आपल्या विभागाच्या सायबर पोलीस ठाण्यात स्क्रीनशॉट, नोंदींची फाइल आणि बँकेचे तपशील घेऊन जा. कंपनी किंवा सेवा पुरवठादार असाल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात.

जाणकाराला बोलावताना पाच गोष्टी हाताशी ठेवा: प्लगिनची नावं आणि आवृत्त्यांची यादी, बदल लक्षात आल्याची वेळ, सर्व्हरच्या नोंदी, साफसफाईच्या आधीचा बॅकअप आणि त्या आठवड्यात कोणकोण लॉगिन होतं ते. हे नसेल तर त्याचा निम्मा वेळ, आणि तुमचे निम्मे पैसे, विचारपूस करण्यात जातात. काम झालं असं त्याने सांगितलं की त्याच्यासमोरच पाचव्या तपासणीतल्या दोन्ही पायऱ्या त्याच बटणावर करून पाहा: एकदा नॉन्स बिघडवून, एकदा काढून. दोन्ही वेळा साइटने नकार दिला, तरच बिल द्या.